वॉकरपुरती वाट

"काकू, पुढे जात नाहीये," तबस्सुम म्हणाली.

वॉकरचा एक पाय दिवाणाला टेकला होता आणि दुसरा शोकेसच्या कोपऱ्यात घुसला होता. मध्ये आमचे हे उभे, कपाळावर घाम, उजवा पाय मागे राहिलेला. मी शोकेस ढकलून पाहिली. ती हलेना, कारण तिच्यामागे टेबलफॅनचे सांगाडे रचून ठेवलेले होते आणि सांगाड्यांमागे भिंत होती.

"मग मागे घेऊ या."

मागे गव्हाचं पिंप होतं. पुढे जाता येईना, मागे येता येईना, आणि यांचा उभं राहायचा दम संपत आलेला. शेवटी मी यांना कमरेला घट्ट धरलं, तबस्सुमनं वॉकर डोक्यावरून उचलून पलीकडे ठेवला आणि दोघींनी मिळून यांना दिवाणावर टेकवलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर माणूस पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभा राहिला होता, आणि उभा राहिल्या राहिल्या स्वतःच्याच घरात अडकून पडला.

तबस्सुम बागवान ही आमची फिजिओथेरपिस्ट. आमच्या लेकीपेक्षा, वृषालीपेक्षाही वयानं लहान, पण बोलणं एकदम रोखठोक. यांना पाणी पाजून ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली.

"काकू, राग मानू नका. काकांच्या पायात जीव आहे. रोज चालवलं तर ते चालतील. पण हे सुरुवातीचे महिनेच कामाचे असतात. आत्ता पाय अंथरुणात राहिला, तर पुढे मी काय, कुणीही आलं तरी उपयोग नाही."

"मग चालव ना. मी कुठे नको म्हणते?"

"कुठे चालवू?" तिनं दारातून बाहेर हात केला. "मला जमीन दाखवा."

मी बाहेर बघितलं. खरंच, जमीन दिसत नव्हती.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा आम्ही नाशिकरोडला राहत होतो. दुसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. यांना रोज खाली उतरवून दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर चौघं माणसं लागली असती. चालायचं तर घरातच, आणि घर असं.

हे, म्हणजे चिंतामण देवरे, वीज मंडळातून फिटर म्हणून निवृत्त झाले. हातात कला होती. बंद पडलेली कुठलीही वस्तू यांच्यासमोर ठेवली की तासाभरात घरघरायला लागायची. पण त्या कलेची दुसरी बाजू मी भोगत होते. जी वस्तू दुरुस्त झाली ती मालकाकडे जायची आणि जी झाली नाही ती आमच्याकडे राहायची. जळक्या मोटारी, फुटके मिक्सर, ट्यूबलाइटचे चोक, छत्र्यांच्या काड्या, वायरींची भेंडोळी. काही टाकायला निघालं की हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणायचे, "राहू दे. लागेल."

झटका आला तेव्हा यांची वाचा गेली. वृषालीचं नाव गेलं, माझं गेलं, पाणी मागायचे शब्द गेले. डॉक्टर म्हणाले, काही जणांच्या तोंडात एखादा सवयीचा शब्द तेवढा शिल्लक राहतो. यांच्या तोंडात कुठला राहिला असेल? भूक लागली की "लागेल", लघवीला जायचं असलं की "लागेल", माझ्याकडे बघून डोळे भरून आले तरी "लागेल". इतका संसार केला त्याचं हे फळ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले, आणि मग मोरीत जाऊन रडले.

पण सगळा पसारा यांच्या माथी मारला तर ते खोटं होईल. निम्मं घर माझं होतं. भांडी! कपडे जुने झाले की मी बोहारीण बोलवायची. कपाट हलकं व्हावं म्हणून कपडे काढायचे, आणि कपडे गेले की त्यांच्या जागी पातेलं यायचं. साड्या गेल्या, डबे आले. पडदे गेले, परात आली. एवढी घासाघीस करून मिळवलेली परात वापरून खराब कशी करायची, म्हणून ती माळ्यावर जायची. माळा भरला तेव्हा भांडी पलंगाखाली आली, पलंगाखालून दिवाणात, दिवाणातून पिंपात. दोन माणसांचा स्वयंपाक मी दोन पातेल्यांत करत होते आणि उरलेल्यांची राखण करत होते.

तबस्सुम गेली आणि मी त्या दिवाणावर यांच्या शेजारी बसले. मग पदर खोचला.

"अहो, ऐका," मी म्हणाले. "आजपासून या घरातून फक्त बाहेर जाणार. आत काही येणार नाही. एक चमचासुद्धा नाही. तुम्ही चालेपर्यंत."

"लागेल," हे म्हणाले.

"हो, लागेल. मला नवरा लागेल. बाकीचं बघू."

सुरुवात माझ्यापासून केली, म्हणजे यांना बोलायला जागा नको. माळ्यावरची भांडी खाली काढली तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. आमच्या शेजारच्या पिंगळे वहिनी आवाज ऐकून आल्या आणि दारातच थबकल्या.

"मंदावहिनी, कुणाचं लग्न काढलंत?"

"माझंच. नव्यानं संसार मांडतेय. तुम्हाला काय हवं ते घ्या."

"अहो, पण ही परात कोरी आहे!"

"म्हणूनच म्हणते, घ्या. माझ्याकडे ती कोरीच मरणार."

वहिनींनी परात घेतली नाही. यांच्या आजारानं माझ्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांना वाटलं असावं. मग मी जवळच्या मुलींच्या वसतिगृहात निरोप धाडला. तिथली मेस चालवणारी बाई टेम्पो घेऊन आली आणि भांडी भरताना सारखी माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी मध्येच 'हे राहू दे' म्हणेन म्हणून. मी म्हणाले नाही. जीभ मात्र दाताखाली धरली होती, खोटं का बोलू? घडीवर विरलेल्या पैठणीच्या बदल्यात मिळालेला हंडा गेला तेव्हा मी तोंड फिरवलं.

टेम्पो गेला. पलंगाखालून वारा आला. त्या घरात इतकी वर्षं राहून पलंगाखालून वारा येतो हे मला ठाऊक नव्हतं.

मग यांच्या वस्तू. इथे मात्र माझी पंचाईत झाली. आजारी माणसाच्या नकळत त्याच्या वस्तू भंगारात घालणं माझ्या मनाला पटेना, आणि विचारावं तर उत्तर ठरलेलं. वृषालीचा पुण्याहून फोन आला.

"आई, बाबांना विचारलंस का?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

"आणखी काय म्हणणार?"

ती हसली. मी फोन ठेवला आणि यांना खुर्चीत बसवून हॉलच्या मध्यभागी आणलं. समोर वॉकर ठेवला. वॉकरच्या शेजारी यांचा लाकडी खोक्याचा जुना रेडिओ ठेवला. हा रेडिओ यांनी दुरुस्तीसाठी खोलला होता तेव्हा वृषाली रांगत होती.

"दोन्हीला जागा नाही," मी म्हणाले. "हा की हा? तुम्ही सांगाल तसं करते. रेडिओ म्हणालात तर रेडिओ ठेवीन, आणि तुम्हाला मरेपर्यंत पलंगावर भरवीन. माझी तक्रार नाही."

ओठ हलले. मला वाटलं, आता तोच शब्द येणार. पण तो आला नाही. हे रेडिओकडे बघत बसले, वॉकरकडे बघत बसले. मी पाठ फिरवून भाजी निवडायला घेतली, कारण मला बघवेना. बऱ्याच वेळानं मागे खण्णकन आवाज आला. यांनी डाव्या हातानं वॉकरच्या दांडीवर थाप मारली होती.

त्यानंतर आमचं काम झपाट्यानं चाललं. भंगारवाला तराजू घेऊन बसायचा, मी एकेक वस्तू उचलून यांना दाखवायची आणि हे वॉकरवर थाप मारायचे. कधीकधी थाप मारायला उशीर व्हायचा. तेव्हा मी थांबायची. एक पक्कड आणि एक टेस्टर यांनी मांडीवर धरून ठेवले, ते मी राहू दिले. शोकेस गेली, पिंप गेलं, पंख्यांचे सांगाडे गेले, आणि एके दिवशी फरशीवरचा जुना हिरवा रंग दिसायला लागला, जो आम्ही घर घेताना मोठ्या हौसेनं निवडला होता.

माझ्या डोक्यातलंही पुष्कळ भंगार त्या दिवसांत निघालं. रोज कुणीतरी यायचं, यांच्याकडे बघून चुकचुकायचं, कुणाच्या मावसभावाचं कसं झालं ते सांगायचं आणि तेलाची बाटली ठेवून जायचं. मी ते बंद केलं. तोंडावर सांगितलं, चालायला लागले की चहाला बोलावते, तोवर येऊ नका. लोकांना राग आला. येऊ दे, म्हटलं. रागाला घरात जागा लागत नाही.

आणि हे चालायला लागले. उजवा हात डाव्या हातानं उचलून दांडीवर ठेवायचे, बोटं एकेक करून वळवायचे, मग वॉकर पुढे, मग डावा पाय, मग फरफटत उजवा. आधी पलंगापासून खिडकीपर्यंत. मग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. तिथे मी चहा घेऊन उभी असायची आणि तबस्सुम मागून ओरडायची, "काकूंकडे बघू नका काका, पायाकडे बघा!"

आता एकच अडसर उरला होता. आतल्या खोलीच्या दाराबाहेर, बोळात, लोखंडी कपाट होतं. त्यामुळे वॉकर वळायचा नाही. ते निघालं की पलंगापासून बाहेरच्या दारापर्यंत सरळ वाट मोकळी होणार होती. पिंगळे वहिनींच्या ओळखीच्या एका बालवाडीला कपाट हवंच होतं आणि दुपारी माणसं येणार होती. त्याआधी ते रिकामं करायचं होतं.

कपाटात यांचे कपडे होते. मंडळाच्या खाकी जोड्या, सफारी, टेरिकॉटच्या पँटी, लग्नकार्यातले शर्ट. तबस्सुमनं सांगून ठेवलं होतं की बटणांचे, साखळीचे कपडे आता यांना नकोत. नाडीचा पायजमा आणि सैल सदरा हवा. तसे चार मी शिवून आणले होते आणि यांना घालतही होते. मग हे कपडे कशाला हवेत?

नेमकी तेव्हाच खालून हाक आली, "भांडीऽऽऽ!"

रतनबाई आमची वर्षानुवर्षांची बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं गाठोडं. मधे गावी गेली होती, त्यामुळे बऱ्याच दिवसांनी येत होती. मी तिला वर बोलावलं. सकाळपासून कपाटाशी झटापट चालली होती. कडीत अडकतं म्हणून मंगळसूत्र काढून देव्हाऱ्यात ठेवलं होतं, कपाळ घामानं पुसून गेलेलं, केसांत धूळ. हे आतल्या खोलीत खुर्चीत बसले होते आणि दार उघडं होतं.

रतनबाईनं दाराशी बसून ढिगावरून हात फिरवला. "माल चांगला आहे ताई." पाटीतून एक पातेलं काढून तिनं माझ्यापुढे सरकवलं.

"नको."

"बरं, मग डबा घ्या. जाड पत्र्याचा आहे."

"डबा नको, पातेलं नको, काही नको रतनबाई. तसेच घेऊन जा."

तिचा हात जागच्या जागी थांबला. "तसेच?"

"तसेच. मला बदल्यात काही नको आहे."

तिनं कपड्यांकडे बघितलं, रिकाम्या हॉलकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाली, "साहेबांचे सगळे?"

"सगळे."

"एकही नाही ठेवला ताई?"

"ठेवून काय करू?" मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, आणि माझा नेहमीचा आवाज मोठा आहे. "यातलं त्यांना आता काय लागणार आहे?"

रतनबाईनं गाठोडं बांधलं, उचलण्याआधी त्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाली, "सांभाळा ताई स्वतःला." मी एवढी ओझी उचलतेय म्हणून म्हणाली असेल, असं मी धरून चालले.

दुपारी कपाट गेलं. मी ओल्या फडक्यानं फरशी पुसून घेतली आणि आत जाऊन म्हणाले, "झाली हो वाट! उद्या थेट दारापर्यंत!"

हे भिंतीकडे तोंड करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी तबस्सुम आली. मोकळी वाट बघून तिनं टाळी वाजवली. "काका, आज विमानच!" पण यांनी हात दांडीवर ठेवला नाही. ती उजवा हात उचलून ठेवायची, हे तो खाली पाडायचे. तिसऱ्यांदा पाडल्यावर यांनी डोळे मिटून घेतले.

त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि पुढेही नाही. जेवायला नको, चहा नको. घास पुढे केला की मान वळायची. तोंडातला तो एक शब्दही गेला. तबस्सुम जाताना मला बाहेर नेऊन म्हणाली, "काकू, डॉक्टरांना सांगू या. कधीकधी मन खचतं. पण लवकर करा. इतकं कमावलेलं आठवड्याभरात जातं."

डॉक्टरांनी गोळी दिली. वृषालीचा फोन मी यांच्या कानाला लावून ठेवला आणि पलीकडून ती बोलत राहिली, हे ऐकत राहिले, चेहऱ्यावर काही नाही. मी समजावलं, चुचकारलं, आणि एके दिवशी माझा तोल गेला.

"मी हे सगळं कशासाठी केलं?" मी वाटी आपटली. "माळा उपसला, हंडे दिले, माणसं तोडली! तुम्ही पडून राहणार होतात तर पसारा काय वाईट होता?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मग बोळातल्या कपाटाच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, आणि डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"त्या लोखंडाच्या कपाटासाठी रडता?" मी म्हणाले. मला फार भीती वाटत होती. भीती वाटली की मी भांडते, तो माझा स्वभाव आहे.

रतनबाई पुढच्या खेपेला आली ती खालून हाक न मारताच. दार उघडं होतं. डोक्यावर पदर घेऊन ती उंबऱ्याबाहेर बसली, पाटी हळूच बाजूला ठेवली. मी हात पुसत बाहेर आले. त्या दिवशी गळ्यात मंगळसूत्र होतं, पण पदर गुंडाळलेला होता, त्यामुळे ते तिला दिसलं नसावं; कपाळही पुन्हा घामानं पुसलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "मागच्या वेळी विचारायचा धीर नाही झाला. साहेब कधी गेले?"

"कुठे गेले?" मी म्हणाले.

ती गोंधळली. "म्हणजे... दिवस झाले का, ते विचारते. मी गावाला होते ना. असते तर आले असते."

हात पुसता पुसता मी थांबले. 

"तुला कोणी सांगितलं हे?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे ताई? तुम्हीच कपडे तसेच दिले. जित्या माणसाचे कपडे कोण फुकट देतं? बदल्यात भांडं नाही घ्यायचं, ते गेलेल्या माणसाचं. तुमच्या सासऱ्यांचे नव्हते का दिले?"

आणि मला ते आठवलं. सासरे गेले त्यानंतर त्यांची धोतरं, कोट, टोपी यांनी स्वतः याच दारात रतनबाईच्या ओटीत घातली होती. तिनं सवयीनं भांडं काढलं तेव्हा यांनी ते हातानं मागे सारलं होतं. "नाही बाई. यांच्या कपड्यांचं काही घ्यायचं नाही." बाटलीचं बूचसुद्धा फुकट न सोडणारा माणूस, आयुष्यात एकदाच असं बोलला होता. आणि त्या दिवशी आतल्या खोलीत बसून त्यानं काय ऐकलं? त्याच दारात, त्याच बाईला, त्याची बायको सांगतेय: तसेच ने, बदल्यात काही नको, त्यांना आता काय लागणार आहे.

कपाटासाठी नव्हते रडत. स्वतःसाठी रडत होते. मी त्यांना चालायला वाट करत होते आणि त्यांना वाटलं, मी त्यांच्यामागची आवराआवर जिवंतपणीच उरकून घेतेय.

आत जाऊन 'अहो, तसं नाही' म्हणणं सोपं होतं. पण सांगून झालं होतं सगळ्यांचं. डॉक्टरांनी सांगितलं, लेकीनं सांगितलं, मी तर आठवडाभर सांगतच होते. या माणसानं जन्मभर कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही. तार जिवंत आहे की नाही ते हा टेस्टर लावून बघणारा.

मी पदर सोडला, मंगळसूत्र बाहेर काढलं आणि उंबऱ्याच्या आत फतकल मारून बसले.

"रतनबाई, भांडं काढ."

"काय?"

"मागच्या कपड्यांचं भांडं काढ. माझं राहिलंय तुझ्याकडे."

"अगं बाई," ती म्हणाली, "म्हणजे साहेब..."

"साहेब आत बसलेत. त्यांचे कपडे जुने झाले म्हणून दिले मी. फुकट द्यायला माझ्या नवऱ्याला काय झालंय?" हे वाक्य मी असं म्हणाले की खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं असेल.

रतनबाईनं तोंडावर हात ठेवला. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. कळलं तिला. पण कळलं म्हणून ती धंदा विसरणारी नव्हती. तिनं पाटीतून एक वाडगा काढून ठेवला.

"हा?" मी म्हणाले. "हा वाडगा? शुद्धीत आहेस का? खाकी जोड्या होत्या त्यात. वादळात नाशिकरोडचे दिवे गेले होते तेव्हा हाच माणूस त्या खाकीत पहाटेपर्यंत खांबावर होता. ते कापड असं तसं होतं का?"

"जुनं होतं ताई. गुडघ्यावर विरलेलं."

"विरणारच! खांबाला घासून विरलंय, बसून नाही विरलं." मी वाडगा मागे ढकलला. "आणि ती राखाडी सफारी? वृषालीच्या लग्नातली. एकदाच अंगाला लागली. मांडवात लाइट गेली आणि वधूपिता सफारी घालून मीटरबॉक्सवर चढला. लोक हसले. पण दिवे कुणी लावले?"

"पातेलं घ्या मग."

"पातळ आहे. वाजवून बघ, डबडं आहे. हे माणसाच्या कपड्यांचं भांडं आहे का? टेरिकॉटचा तो शर्ट मी निवडला होता, दुकानदाराशी भांडून. त्याची कॉलर मी दोनदा उलटवून शिवली, कारण यांना तो सोडवेना. चांगला धडधाकट माणूस आहे, अजून खूप कपडे फाडणार आहे तो. पुढच्या खेपेलाही तुझ्याकडेच द्यायचेत मला. नीट भाव कर."

 रतनबाईनं सर्वांत तळाचा, मोठा, जाड पत्र्याचा डबा वर काढला. "हा घ्या. याच्यापुढे नाही ताई. माझ्या पोटावर पाय देऊ नका."

तेव्हा आतून आवाज आला. रबर फरशीवर टेकल्याचा. मग पाय फरफटल्याचा.

मागे वळून बघायचं धाडस मला झालं नाही. वळले आणि आवाज थांबला तर? मी डबा उलटा केला आणि बूड वाजवत बसले. "शिवण नीट नाही याची," मी म्हणाले. "पाणी धरेल का?"

"धरेल की," रतनबाई म्हणाली, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर माझ्या डोक्यावरून आत गेली होती आणि हात आपोआप पदराकडे गेला होता. फरशीवर रबर टेकत होतं, पाय फरफटत होता. बोळ. पूर्वी जिथे शोकेस होती ती जागा. जिथे पिंप होतं ती जागा. मग माझ्या शेजारी वॉकरचे दोन पाय येऊन टेकले, आणि त्यांच्यामधे नाडीचा पायजमा.

मी उठले आणि यांच्या काखेत खांदा दिला. हे घामानं निथळत होते. डावा हात दांडीवरून सुटला आणि डब्याकडे गेला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"झा..."

रतनबाई पाटीवरून पुढे वाकली.

"झा...कण."

तबस्सुमला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, काकू, मी इतके दिवस त्यांना तुमचं नाव म्हणायला शिकवत होते. पण ते नंतर. तेव्हा आधी सावरली ती रतनबाई.

"झाकण वेगळं पडतं, साहेब," ती म्हणाली.

यांनी मान हलवली. जोरात. "झाकण," पुन्हा म्हणाले, आणि या वेळी त्यात राग होता, अगदी पूर्वीसारखा, स्वच्छ राग.

"ऐकलंस ना?" मी म्हणाले. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण सौदा अजून ठरला नव्हता. "माणूस समोर उभा आहे. झाकणासकट दे."

रतनबाईनं एकदा यांच्याकडे बघितलं, कपाळावर हात मारला, आणि पाटी उपसून झाकण शोधायला लागली. ते तिनं डब्यावर ठेवलं, तेव्हा नीट बसतंय का बघायला यांनी हात पुढे केला.